माल अडवला तर काय होतं, हे आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी गडहिंग्लजकडची, मेकॅनिकल डिप्लोमा झालेली. चार वर्षं क्वालिटीत काम केलंय. सध्या गोकुळ शिरगावच्या एका मशीनशॉपमध्ये आहे आणि राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात) क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी पहिली फेरी झाली. वीस मिनिटांत आटोपली, सगळे गोड बोलले, पगार आत्तापेक्षा सहा हजारांनी जास्त सांगितला. घरचे म्हणतात, डोळे झाकून घे. हिला मात्र आतून काहीतरी खटकतंय आणि काय खटकतंय ते सांगता येत नाही. याआधी एक नोकरी तिनं पाच महिन्यांत सोडलीय, त्यामुळं आता भीती वाटते. दुसरी फेरी शनिवारी आहे. कंपनी आपल्याला मानवणार की नाही हे इंटरव्ह्यूतच ओळखता येतं का, असं तिनं विचारलंय.

बऱ्यापैकी ओळखता येतं. मी बावीस वर्षं कोल्हापूरच्या कारखान्यांत पर्सोनेल आणि एचआरचं काम केलंय. टेबलाच्या पलीकडं बसून किती मुलामुलींचे इंटरव्ह्यू घेतले त्याचा हिशोब नाही. त्यामुळं कंपनी काय दाखवते आणि काय झाकते, हे मला आतून माहीत आहे. त्यातलं एक झाकण मी स्वतः ठेवलंय. आधी तेच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

तेव्हा मी एका फौंड्रीत होतो. क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा भरायची होती. एक मुलगा आला, तुमच्यासारखाच डिप्लोमावाला, चौकस. त्यानं मला सरळ विचारलं, "सर, क्वालिटीला माल अडवायचा अधिकार आहे ना?" मी म्हणालो, "पूर्ण अधिकार. इथं क्वालिटी डिपार्टमेंट इंडिपेंडंट आहे." कागदावर ते खरं होतं. प्रत्यक्षात प्रॉडक्शन मॅनेजरचा शब्द शेवटचा असायचा, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. पण जागा दोन महिने रिकामी होती, वरून रोज विचारणा होत होती. मी बोलून गेलो.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं एक लॉट अडवला. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या तुकड्यांना, ब्लो होल (हवा अडकून पडलेली भोकं) होते. प्रत्येक तुकड्यावर लाल रंगाची फुली मारून त्यानं माल बाजूला ठेवला. ट्रक दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलाजवळ आला आणि एक कास्टिंग समोर ठेवलं. फुली होती ती जागा ग्राइंडरनं घासलेली होती, चांदीसारखी चमकत होती. फक्त कडेच्या खाचेत लाल रंगाची एक बारीक रेघ राहिली होती. बाकीचा लॉट रात्रीच गेला होता. तो मुलगा ओरडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं होतं." महिना भरायच्या आत तो गेला. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आणि आजही ते कास्टिंग डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की क्वालिटीच्या माणसानं शोधायची गोष्ट मुळात एकच असते: वाईट बातमी आणणाऱ्या माणसाचं इथं काय होतं? पगार, कँटीन, बस, केबिन हे सगळं नंतर बघता येतं. तुमचं कामच मुळी रोज वाईट बातमी देण्याचं आहे. ती ऐकून घेणारी माणसं असतील तर उष्णता, धूळ, आवाज, सगळं सोसतं. नसतील तर एसी केबिनमध्येसुद्धा रात्री झोप लागत नाही. अकाउंट्सवाला, नर्स, सॉफ्टवेअर टेस्टर, कुणालाही हेच लागू पडतं, फक्त त्यांच्या वाईट बातमीचं रूप वेगळं.

आता हे शनिवारी कसं विचारायचं?

"तुमच्याकडं क्वालिटीला स्वातंत्र्य आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर जगात सगळीकडं "हो" असंच येतं. मीही दिलं होतं. घडलेली गोष्ट विचारा. "सर, अलीकडं तुम्ही मोठा लॉट कधी अडवला होता? त्यावेळी काय झालं?" हा प्रश्न विचारून गप्प बसा. ज्या कंपनीत खरोखर माल अडवला जातो तिथला माणूस लगेच सांगायला लागतो. अमुक पार्ट होता, वाळूत ओलावा जास्त झाला होता, कस्टमरला फोन करून दोन दिवस मागून घेतले, रात्री पुन्हा पोअरिंग घेतलं. तपशील असतात, त्यात थोडी कटकटही असते, कुणाशी तरी वाद झालेला असतो. तो वाद तुम्हाला सांगितला जातो हीच चांगली खूण. जिथं अडवलाच जात नाही तिथं उत्तर गुळगुळीत येतं: "तशी वेळच येत नाही, आमचा प्रोसेस कंट्रोल स्ट्राँग आहे." फौंड्रीत वेळच येत नाही असं होत नाही. वितळलेलं लोखंड आहे, वाळू आहे, माणसं आहेत. रिजेक्शन शून्य म्हणणारी फौंड्री एक तर मोजत नाही किंवा तुम्हाला सांगत नाही.

याला जोडून दुसरा प्रश्न, आणि हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: "माझं रिपोर्टिंग कुणाकडं असेल?" क्वालिटी इंजिनिअर प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली असेल तर तुमचा पगारवाढीचा फॉर्म तोच माणूस भरणार, ज्याचा माल तुम्ही अडवायचा आहे. रिपोर्टिंग प्लांट हेडकडं किंवा क्वालिटी हेडमार्फत थेट मालकाकडं असेल तर निदान भांडायला जागा असते. छोट्या कारखान्यात सगळं मालकाकडंच जातं, त्यात काही वावगं नाही. तिथं मालकाचा स्वभाव हीच व्यवस्था असते, मग मालकाला भेटल्याशिवाय होकार देऊ नका.

तिसरा प्रश्न: "या जागेवर आधी कोण होतं, आणि आता ते कुठं आहेत?" त्याच कंपनीत वर गेले असतील तर उत्तम. दुसरीकडं गेले असतील तरी हरकत नाही, शिरोलीहून पुण्याला, चाकणला माणसं जातच असतात. आधीच्या माणसाबद्दल कसं बोलतात ते मात्र कान देऊन ऐका. "चांगला होता, शिकून गेला" म्हणणारे आणि "कामचुकार होता, त्याला जमलं नाही" म्हणणारे यांत फार मोठा फरक आहे. वर्षभरात तीन जण होऊन गेले आणि तिघंही बिनकामाचे होते, असं कुणी सांगितलं तर त्या खुर्चीत काहीतरी आहे हे समजा.

याचा एक पुरावा तुम्हाला गेटवरच मिळू शकतो. सिक्युरिटीच्या खोलीत व्हिजिटर रजिस्टर असतं. नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं, कामाचं स्वरूप, वेळ, सही. तुम्ही सही करत असता तेव्हा त्या पानावर नजर जातेच. "इंटरव्ह्यू" असं लिहिलेल्या ओळी किती आहेत ते बघा. एका पानावर सात-आठ असतील आणि कंपनी काही नवीन लाइन टाकत नसेल, तर माणसं टिकत नाहीत इतकं तरी कळतं. पानं उलटायला जाऊ नका, उघड्या पानावर दिसेल तेवढं पुरे.

तुमचं खटकणं नेमकं कशाचं आहे, याचा अंदाज मला तुमच्या प्रश्नातूनच येतो. वीस मिनिटं! क्वालिटी इंजिनिअरला वीस मिनिटांत पास करणारी कंपनी तुम्हाला पारखत नव्हती, तिला जागा भरायची होती. चार वर्षं काम केलेल्या माणसाला एखादं ड्रॉइंग समोर ठेवून, एखादा डिफेक्ट दाखवून, कारण काय असेल म्हणून विचारायला हवं होतं. ते झालं नसेल तर दुसऱ्या फेरीत होतं का बघा. शनिवारी प्लांट हेडनं तुम्हाला घाम फोडला तर वाईट वाटून घेऊ नका. मला तर तो शुभशकुनच वाटेल.

पण हेही लक्षात ठेवा की खटकणं दरवेळी खरं नसतं. नवी जागा, नवी माणसं, पाच महिन्यांत सोडलेल्या नोकरीची आठवण, यानंही पोटात गोळा येतो. म्हणून मी मुलांना एक सवय लावायला सांगतो. इंटरव्ह्यू झाला की गेटबाहेर आल्यावर, बस मिळायच्या आत, मोबाइलवर किंवा वहीत फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहून काढायचं. "वातावरण निगेटिव्ह वाटलं" असं लिहायचं नाही. "साहेब बोलत असताना सुपरवायझर आत आला, त्याला उभं ठेवून फोन घेतला, चार मिनिटं तो तसाच उभा होता" असं लिहायचं. रात्री वाचलं की कळतं, खटकण्याला पाया आहे की नुसतीच धाकधूक होती. पहिल्या फेरीचं अजून आठवत असेल ते आजच लिहून काढा.

मी स्वतः एकदा यात फसलोय. 2009 च्या सुमारास एका कारखान्यात इंटरव्ह्यूला गेलो. मालक चाळीस मिनिटं बोलले. कारखाना कसा उभा केला, किती हाल काढले, पुढं काय करायचंय. मला दोनच प्रश्न विचारले. मी घरी आलो ते भारावूनच, एवढा मोठा माणूस आपल्याशी मनमोकळं बोलला म्हणून. तिथं आठ महिने काढले. त्या काळात त्या माणसासमोर एकाही मॅनेजरचं वाक्य पुरं झालेलं मी पाहिलं नाही. हे मला इंटरव्ह्यूतच कळायला हवं होतं. समोर होतं सगळं, मी फक्त मोजलं नव्हतं. तेव्हापासून कोण किती बोललं, हे मी मनात धरून ठेवतो. तुमचं उत्तर ऐकून त्यावर पुढचा प्रश्न आला का? की तुम्ही बोलत असताना समोरचा पुढच्या कागदाकडं बघत होता?

एक छोटी चाचणी करा. "मी सध्याच्या कंपनीत एकदा लॉट अडवला होता" हे तुम्ही बोलण्यात आणा. मग पहिला प्रश्न काय येतो ते बघा. "डिफेक्ट कसा सापडला? कारण काय निघालं?" असा आला तर ती माणसं तुमच्या कामाची आहेत. "मग डिस्पॅच थांबला का?" असा आला, तर तोही प्रश्न रास्तच आहे, कारखाना डिस्पॅचवरच चालतो. पण तो सगळ्यात आधी आला आणि कारणाबद्दल पुढं कुणी काही विचारलंच नाही, तर माझ्या टेबलावरचं ते घासलेलं कास्टिंग आठवा.

शॉप फ्लोअर बघायला मागा. "सर, प्लांट बघता येईल का?" एवढंच म्हणायचं. चांगल्या ठिकाणी नाही म्हणत नाहीत, उलट कौतुकानं दाखवतात. "जॉइन झाल्यावर बघालच की" असं उत्तर आलं तर मी सावध होईन. कस्टमरची गुप्तता हे कारण काही ठिकाणी खरं असतं, पण तेव्हा एखादा विभाग वगळून बाकीचा दाखवतात.

आत गेल्यावर गरम होणार, धूळ असणार, नॉकआउटजवळ, म्हणजे साचा फोडून माल काढतात तिथं, कानठळ्या बसणार. मशीनशॉपमधून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी फौंड्री नको वाटते. ती त्या कामाचीच जात आहे, तो कंपनीचा दोष धरू नका. दोष शोधायचा तो वेगळ्या ठिकाणी. फेटलिंगमध्ये (कास्टिंग घासून साफ करतात त्या विभागात) ग्राइंडरवर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांना गॉगल आहे का, नाकाला मास्क आहे का, की गॉगल गळ्यात लटकलेला आहे? रेड बिनला (नापास माल ठेवायच्या लाल पेटीला) कुलूप आहे का आणि आत माल आहे का? आत काही माल असणं हेच स्वाभाविक. ती स्वच्छ, रिकामी, नव्यासारखी दिसत असेल तर ती ऑडिटपुरती आहे. गेजवरच्या (मापाच्या साधनावरच्या) कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माप बरोबर दाखवतं का या तपासणीच्या, स्टिकरवर पुढची तारीख काय आहे? उलटून गेली असेल तर तुमच्या हातात येणारं हत्यारच बोथट आहे. भिंतीवर रिजेक्शनचा बोर्ड असतो, त्यावर शेवटचा आकडा कधीचा आहे? मी एका ठिकाणी "अपघातविरहित दिवस" असा बोर्ड पाहिला होता. त्यावरचा आकडा मी गेलो तेव्हाही तोच, तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हाही तोच.

आणि तुम्हाला बरोबर घेऊन फिरणारा माणूस कामगारांजवळून जातो तेव्हा काय होतं ते पाहा. कुणी मान वर करून हसतं का, कुणी त्याला थांबवून "साहेब, हा पॅटर्न बघा जरा" म्हणतं का, की त्याची चाहूल लागताच सगळे खाली मान घालून कामाचा वेग वाढवतात? यापेक्षा खरं उत्तर तुम्हाला कुठल्याही केबिनमध्ये मिळणार नाही.

बाईमाणसासाठी दोन गोष्टी जास्तीच्या. शॉप फ्लोअरपासून लेडीज टॉयलेट किती लांब आहे आणि उघडं आहे का, हे जाऊनच बघा. विचारायला संकोच वाटत असेल तर "वॉशरूमला जाऊन येते" म्हणून उठा. किल्ली ऑफिसातून मागून आणावी लागत असेल, तर इथं बायका काम करतील असा विचारच कुणी केलेला नाही. दुसरं, दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणं अंतर्गत समिती असावी लागते आणि तिच्या सदस्यांची नावं लावलेली असावी लागतात. नोटीस बोर्डावर ती आहेत का, आणि त्यातल्या बाई अजून तिथं कामाला आहेत का? सेकंड शिफ्ट रात्री 11 ला सुटणारी असेल तर तुमची संमती आणि घरापर्यंत जायची सोय, दोन्ही आधी बोलून घ्या. सांगली फाट्यावर रात्री वडापची (शेअर जीपची) वाट बघत उभं राहायची वेळ येता कामा नये.

शनिवारच्या आधी एक फेरी गेटबाहेर मारा. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळी समोरच्या टपरीवर चहा घ्या. "कंपनी कशी आहे हो?" असं विचारलं तर "बरी हाय" यापलीकडं काही मिळणार नाही. साधं विचारा. पगार कितव्या तारखेला होतो? ओटी (ओव्हरटाइम) डबल मिळते का? अडीनडीला उचल देतात का? माणूस लगेच बोलता होतो. कायद्यानं कारखान्यातल्या कामगाराचा ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो. कामगाराचा ओटी सिंगलनं देणारी कंपनी स्टाफच्या बाबतीत काय करेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. एकाच माणसाच्या बोलण्यावर मात्र जाऊ नका. कुणाला कालच मेमो मिळालेला असतो. तिघांशी बोला, तिघांचं जिथं जुळतं तेवढं धरा.

आमच्याकडचा म्हणून एक खास प्रश्न सांगतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी येऊन हायवे बंद पडला होता. माणसं कामावर पोचूच शकत नव्हती. तेव्हा त्या दिवसांच्या हजेरीचं कंपनीनं काय केलं? पगार दिला, रजेत धरले, की बिनपगारी केले? ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना काही मदत झाली का? हा प्रश्न टपरीवरही विचारा आणि एचआरलाही विचारा. दोन्हीकडं एकच उत्तर आलं तर फार चांगलं. संकटात कंपनी कशी वागली हे लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. चांगलं वागलेल्या मालकाचं नाव आजही कामगार आदरानं घेतात, हे मी या कानांनी ऐकलंय.

घरबसल्या करता येणारी तपासणी बहुतेकांना माहीत नसते. ईपीएफओच्या (पीएफ खात्याच्या) वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की पीएफचा भरणा कोणत्या महिन्याचा कधी जमा झाला आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे दिसतं. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. सतत उशीर दिसला तर पैशाची ओढाताण आहे. कर्मचाऱ्यांची संख्या वर्षभरात झपाट्यानं घसरलेली दिसली तर शनिवारी विचारायला एक प्रश्न मिळाला. मात्र ठेकेदाराकडचे कामगार ठेकेदाराच्या पीएफ कोडवर असतात, त्यामुळं आकडा लहान दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

पगाराचं एकदा कागदावर मांडून घ्या. सहा हजार जास्त म्हणजे सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) की हातात? समजा त्यांनी वर्षाला 3 लाख 60 हजार सांगितले, म्हणजे महिना 30,000. बेसिक 15,000 धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 720 त्यातूनच वजा होते. राहिले 27,480. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात पडतात सुमारे 25,480. कँटीन आणि बसची कपात असेल तर आणखी कमी. या हिशोबात लबाडी काही नाही, पण कुणी समजावून सांगत नाही. सध्याची पगाराची स्लिप शेजारी ठेवून हातात येणाऱ्या रकमेची तुलना करा. फरक अडीच हजाराचाच निघाला आणि शिरोलीचा प्रवास वाढला, तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो.

कोणी बाँड मागितला तर तो घाबरण्यासारखा विषय नाही, वाचून घेण्यासारखा आहे. विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये ठराविक मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट वैध ठरवली. म्हणजे "बाँडला काही अर्थ नसतो" हे मित्रांचं म्हणणं धरून सही करू नका. मुदत किती, रक्कम किती, आणि त्या बदल्यात ते तुम्हाला कोणतं ट्रेनिंग देणार, हे विचारा. मूळ सर्टिफिकेट मात्र कुणाकडंही ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायची. मूळ कागद कपाटात ठेवून घेणाऱ्या ठिकाणी माणसं मनानं थांबत नाहीत, अडकून पडलेली असतात.

आता त्या पाच महिन्यांच्या नोकरीविषयी. तिची लाज बाळगू नका, पण तिचा अभ्यास करा. घरी येऊन जेवण गेलं नाही असे दिवस आठवा आणि त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते लिहा. साहेब ओरडले होते? काम शिकवलंच नव्हतं? की खोट्या रिपोर्टवर सही मागितली होती? ही तिन्ही दुखणी वेगळी आहेत. माझ्या ओळखीचा एक मेथड्स इंजिनिअर दहा वर्षं एका भयंकर तापट साहेबाच्या हाताखाली आनंदानं टिकला, कारण तो साहेब ओरडून झालं की शेजारी बसवून शिकवायचा. दुसऱ्या एकाला तेच साहेब पंधरा दिवसही सोसले नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. तुम्हाला काय सोसत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर इंटरव्ह्यूत शंभर गोष्टी तपासायची गरजच नाही, त्या दोन-तीन तपासल्या तरी भागतं. आणि शनिवारी त्यांनी ती नोकरी का सोडली असं विचारलं तर खरं सांगा, नावं न घेता. "रिपोर्टमध्ये फेरफार करायला सांगायचे, मला ते जमलं नाही" असं उत्तर दिल्यावर समोरच्यांचे चेहरे बघा. एकमेकांकडं बघून मान डोलावली तर तुमचं काम झालं. सगळे गप्प झाले तरी तुमचं काम झालं.

घरच्यांचं म्हणणं मी टाकून देणार नाही. "मिळतेय तर घे" यामागं त्यांची काळजी असते, आणि खूप घरांत खरी गरजही असते. घरात हप्ते असतील, भावाची फी भरायची असेल आणि हातात दुसरं काही नसेल, तर पूर्णपणे मनासारखी नसलेली नोकरीही घ्यावी लागते. ती घेण्यात कमीपणा नाही. फक्त कशाशी तडजोड करतोय ते आपल्याला माहीत असावं आणि किती दिवस, हेही ठरवलेलं असावं. तुमची परिस्थिती मात्र तशी दिसत नाही. तुमच्या हातात नोकरी आहे. म्हणजे तुम्ही आणखी दोन इंटरव्ह्यू देऊ शकता, तिसऱ्या फेरीला वेळ मागू शकता, नको असेल तर नको म्हणू शकता.

एवढं करूनही काही गोष्टी आत गेल्यावरच कळतात. ज्या साहेबाला बघून तुम्ही होकार दिला तो दोन महिन्यांत सोडून जाऊ शकतो. प्रोबेशन दोन्ही बाजूंसाठी असतं, त्यातले पहिले साठ-सत्तर दिवस डोळे उघडे ठेवा. पहिला लॉट अडवाल त्या दिवशी संध्याकाळी थांबा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी त्या मालाकडं जाऊन बघा.

शनिवारी प्रश्न विचारायला लाजू नका. "काही विचारायचंय?" असं म्हटल्यावर "नाही सर" म्हणणारे दहातले आठ असतात. मी पलीकडं बसलेला असताना ज्यांनी रिपोर्टिंग आणि रिजेक्शनचं विचारलं, ते मला वर्षानुवर्षं लक्षात राहिले. आणि ऑफर आलीच, तर नेमणुकीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, हुद्दा, पगाराची फोड, रिपोर्टिंग आणि जॉइनिंगची तारीख यासकट हातात पडेपर्यंत गोकुळ शिरगावला राजीनामा देऊ नका. फोनवरच्या "या तुम्ही सोमवारपासून" यावर तर अजिबात नको. तिथला नोटीस पिरियड किती आहे ते तुमच्या जुन्या पत्रात आजच बघून ठेवा.